छंदाचे काम आणि साधनाची निवड

छंदाच्या कामास धनी नसतो. म्हणूनच ते गोड लागते आणि म्हणूनच ते पुष्कळदा अर्धवटही राहते. संगणकासाठी आज्ञावली लिहिणे हाच ज्यांचा पोटाचा उद्योग, अशा आमच्यासारख्यांस हा अनुभव नित्याचा आहे. कचेरीत कोणते साधन वापरावयाचे हे गिऱ्हाईक ठरविते. रात्री घरी मात्र आम्ही राजे असतो. मग दर महिन्यास नवी भाषा, नवा साचा, नवी मांडणी असे करीत आम्ही एकाच घराचा पाया पाच वेळा खणतो आणि घर उभे राहतच नाही. साधनाची निवड ही केवळ आवडीची गोष्ट नव्हे, हे आम्हांस महाडच्या पुराने शिकविले.

आमचे चुलते महाडास शिक्षक होते. पोलादपूरच्या आसपासच्या वाड्या आणि कोंड हिंडून त्यांनी शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द टिपून ठेविले होते : भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात तो राब, रोपे उगवितात ती दाढ, नाचणी-वरी पिकते ती वरकस, आणि असे कित्येक. 1998 च्या सुमारास त्या चार वह्या आम्ही मोठ्या हौसेने संगणकावर उतरविल्या. पुढे चुलते निवर्तले. जुलै 2021 मध्ये सावित्रीचे पाणी महाडात शिरले, त्यात वह्यांचा लगदा झाला. पोलादपूरच्या घरी ठेविलेली सीडी मात्र सापडली आणि चाललीही. उघडून पाहतो तो आत एकही मराठी शब्द नाही! रोमन अक्षरे, स्वल्पविराम, पौंडाची चिन्हे यांची नुसती खिचडी.

कारण सोपे होते. संगणक अक्षर जाणत नाही, आकडा जाणतो. त्या काळचे मराठी टंक रोमन अक्षरांच्या आकड्यांवरच देवनागरीचे तुकडे बसवीत : एका जागी अर्धा क, दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी वेलांटी. तो टंक असेतोवर पडद्यावर मराठी दिसे. टंक गेला की खालची रोमन खिचडी उघडी पडे. आमचा टंक नव्या यंत्रावर चालेना.

असा प्रसंग मराठी मुलखावर प्रथमच आला असे मात्र नव्हे. महाडनजीक गांधारपाले येथील लेण्यांत कुमार काणभोअ विष्णुपालित याच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. कोरणाऱ्याने सर्वांत टिकाऊ साधन निवडले, आणि दगड टिकलाही. परंतु लिपी विस्मृतीत गेली. 1837 साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा करीपर्यंत असे लेख डोळ्यांस दिसत, पण वाचता येत नसत. पुढे शिवकालात व पेशवाईत दप्तरांतील कारकुनांनी मोडी पत्करली ती वेगासाठी. निवड चुकीची नव्हती; लिहिणारा आणि वाचणारा एकाच परंपरेतले होते. ती परंपरा तुटली, आणि आज घरोघरच्या पेटाऱ्यांतील मोडी कागद वाचण्यास जाणकार शोधावा लागतो.

मुद्रणाचा इतिहास याहून बोधप्रद आहे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करणाऱ्या गणपत कृष्णाजींनी स्वतःच्या हिकमतीने लाकडी यंत्र उभारले, शाईचे प्रयोग केले आणि 1831 साली मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले. देवनागरीचे खिळे पाडावयाचे म्हणजे जोडाक्षरे व मात्रा धरून शेकडो साचे लागत. शिळेस एक चांगला लेखक पुरे. हाताशी जे होते त्यातून त्यांनी मार्ग काढला. जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा त्यांनी खिळ्यांची कला पूर्णत्वास नेली. तेथेही अक्षरांचे तुकडे असतच. परंतु छापलेला कागद माणसाच्या डोळ्यांनी वाचावयाचा असे. तुकडे कसे जुळविले, याच्याशी वाचकास कर्तव्य नव्हते.

आमच्या पिढीची चूक येथेच आहे. खिळ्यांचा न्याय आम्ही संगणकास लाविला आणि अक्षराच्या रूपालाच अक्षर समजलो. वास्तविक 1991 साली भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतपद्धती प्रसिद्ध केली होती. त्याच वर्षी जगातील लिप्यांस आकडे नेमून देणाऱ्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीही आली. मात्र घरगुती यंत्रांवर ती सुलभतेने उमटण्यास विंडोज 2000 यावे लागले. त्यासाठीचा मंगल टंक र. कृ. जोशी यांनी घडविलेला. म्हणजे 1998 मध्ये योग्य मार्ग ठाऊक होता, फक्त सोयीचा नव्हता. आम्ही देखणा टंक निवडला. पुढे युनिकोडमध्ये ब्राह्मीस 2010 साली आणि मोडीस 2014 साली जागा मिळाली. लेण्यातल्या लिपीचा नंबर दप्तरातल्या लिपीच्या आधी लागला, हा काळाचा विनोदच.

पुरानंतर आम्ही ती खिचडी उलगडण्याचे काम हाती घेतले. नव्या साधनांचा मोह याही वेळी झाला. पण 1991 पासून चालत आलेली, आम्हांस अंगवळणी पडलेली पायथॉन भाषाच घेतली. काम कंटाळवाणे होते. ह्रस्व वेलांटी आधी काढलेली असे, ती व्यंजनामागे न्यावी लागे; रफार शेवटी असे, तो पुढे आणावा लागे. ‘दऱ्या’ मधला ऱ आणि ‘कार्य’ मधला रफार वेगळे ओळखणे, हे तर स्वतंत्र प्रकरणच झाले. शब्द आता साध्या मजकुराच्या रूपात, युनिकोडमध्ये आहेत. ते उघडण्यास आमची आज्ञावलीही लागत नाही, आणि आम्हीही लागत नाही. यापुढे छंदाचे साधन निवडताना हीच कसोटी लावण्याचे आम्ही ठरविले आहे. आज्ञावली कोणत्याही भाषेत लिहावी, मोडावी, पुन्हा लिहावी. तिच्यातून निघालेली नोंद मात्र दुसऱ्याच्या हाती उघडली पाहिजे.

काही शब्द अद्याप सुटलेले नाहीत. एकाच चिन्हावर दोन तुकडे आलेले असल्याने तेथे यंत्राचा निर्णय चालत नाही. ती यादी कागदावर उतरवून आम्ही लावणीच्या दिवसांत पोलादपूरकडच्या कोंडांवर जाणार आहो. चुलत्यांनी ज्यांना विचारले होते, त्यांच्यापैकी काही म्हाताऱ्या अजून आहेत.