समेवर पाय

भिलाईत उभे राहा आणि नव्वदेक वर्षं मागे जा. पोलाद कारखान्याची धुराडी नाहीत, झोतभट्ट्या नाहीत. नजर जाईल तिथे भाताची खाचरं आणि भाद्रपदाचा चिखल. दुर्गहून बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी धरा. रायपूर, बिलासपूर मागे टाकत तुम्ही रायगढ संस्थानात उतरता, तेव्हा गावात गणेशोत्सवाची धामधूम चालू असते.

दरबारात राजा चक्रधर सिंह बसलेत. स्वतः तबला-पखवाज वाजवणारा हा राजा कलावंताला पुरतं ओळखतो. जयपूरचे पंडित जयलाल आणि लखनौचे अच्छन महाराज, दोघेही त्याच्या पदरी शिकवून गेलेत. कथकातला जयपूरचा जोर आणि लखनौची नजाकत एकाच अंगणात आली आहे. शिकणारी कार्तिकराम, कल्याणदास ही पोरं मात्र इथल्याच मातीतली. 'कडक बिजली', 'दलबादल' अशा नावांच्या परणांत, म्हणजे पखवाजाच्या बोलरचनांत, पावसाळाच गरजतो.

आता तुम्हीही रांगेत. घोट्यांवर घुंगरांचं ओझं आहे. डावी टाच रोवा, उजव्या पायाने रेटा द्या, डावीकडे वळा. पहिल्या तीन चक्करांतच खांब, समया, माणसं एकमेकांत मिसळतात. थांबलात तरी जमीन फिरतच राहते, कारण कानाच्या आतल्या वाटोळ्या नळ्यांतला द्रव अजून थांबलेला नसतो.

उपाय नजरेत आहे. समोरचा एक खांब धरा. धड वळू दे, डोळे खांब सोडणार नाहीत. अगदी शेवटी मान झटक्यात फिरेल आणि धडाच्या आधी खांबावर परत येईल. मॉस्कोच्या बॅलेशाळेतली मुलगी याच वेळी हेच करत असते. फक्त ती पायाच्या बोटांवर उभी, तुम्ही टाचेवर. हात छातीशी ओढले की दोघांचाही वेग वाढतो, पसरले की उतरतो. वीसेक वर्षांनी त्याच देशाचे इंजिनियर भिलाईत कारखाना उभारायला येतील, हे तुमच्याखेरीज इथे कुणाला ठाऊक नाही.

पखवाजावर चक्रदार परण सुरू होते. आत तिहाई, म्हणजे तीनदा येऊन 'धा'वर संपणारा बोल, आणि अख्खी परण तीनदा: तीन त्रिक नऊ 'धा'. प्रत्येक 'धा'ला तीन चक्करं घेतलीत तर सत्तावीस. मोजायला वेळ नसतो, बोलच तुम्हाला फिरवतात. सव्विसाव्यापर्यंत सगळं सुरेख जमलं तरी ते कच्चंच. सत्ताविसाव्याला समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाय पडला आणि तोल तसूभरही हलला नाही, तरच राजाची मान डोलते. वेग कुणीही कमावतो. फिरत्या अंगाला मात्रेच्या टोकावर थोपवणं ही कमाई.

पुढे 1947 मध्ये राजा गेला, वर्षभरात संस्थानही विलीन झालं. आश्रयाचा खांबच हलला, तरी विद्या पडली नाही. भिलाईपासून फार लांब नसलेल्या खैरागढला 1956 मध्ये संगीत-कलांचं विद्यापीठ सुरू झालं. कार्तिकरामांचे पुत्र रामलाल यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. राजाने महालाऐवजी खेड्यातल्या पोरांच्या टाचांत गुंतवणूक केली होती, म्हणून रायगढ घराण्याला आजही शिकवायला माणसं आहेत.