वापरलेली छोटी मोटारगाडी (जव्हार व मोखाडा तालुके)

वापरलेली छोटी मोटारगाडी म्हणजे पूर्वी एका किंवा अधिक मालकांच्या नावे नोंदलेली आणि पुन्हा विक्रीस आलेली, चार मीटरपेक्षा कमी लांबीची खासगी प्रवासी गाडी होय. बोलीभाषेत तिला 'सेकंडहँड गाडी' असे म्हणतात. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांच्या संदर्भात अशा गाडीची खरेदी, देखभाल व विमा यांची माहिती या लेखात दिली आहे. सर्वसाधारण वाहनविमा हा अपघात, चोरी व नैसर्गिक आपत्ती यांपासून संरक्षण देतो. झीज किंवा यांत्रिक बिघाड यांमुळे कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीचा खर्च त्यातून मिळत नाही. त्यामुळे खरेदीपूर्व तपासणी आणि नियमित देखभाल हीच जुन्या गाडीच्या दुरुस्तीखर्चापासून मुख्य संरक्षणे ठरतात.

पार्श्वभूमी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. जव्हार हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. जव्हार व मोखाडा या दोन्ही तालुक्यांतून लोहमार्ग जात नाही, प्रवास एस.टी., जीप आणि खासगी वाहने यांवर अवलंबून असतो. पश्चिमेस विक्रमगड-मनोरमार्गे मुंबई-अहमदाबाद महामार्ग गाठता येतो, तर पूर्वेस मोखाड्याहून तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वर व नाशिककडे जाता येते. चढउतार, वळणे आणि जून ते सप्टेंबर या काळातील मुसळधार पाऊस यांमुळे गाडीच्या ब्रेक, क्लच, टायर व सस्पेन्शन या भागांवर सपाटीपेक्षा अधिक ताण पडतो.

भारतात छोट्या गाडीचा प्रसार डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या गाडीपासून झाला. पुढे सॅन्ट्रो (१९९८), वॅगन आर (१९९९) आणि अल्टो (२०००) या गाड्या बाजारात आल्या. २००१ मध्ये मारुती कंपनीने 'ट्रू व्हॅल्यू' या नावाने वापरलेल्या गाड्यांची विक्री सुरू केली आणि उत्पादक कंपनीने तपासलेली जुनी गाडी हा पर्याय ग्राहकांस उपलब्ध झाला.

खरेदीपूर्व तपासणी

गाडी दिवसाच्या उजेडात, इंजिन थंड असताना आणि शक्यतो ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर घेऊन पाहावी, असा संकेत आहे. इंजिन क्रमांक व चासी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळवून पाहणे ही पहिली पायरी होय. काट्यावरील किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला असू शकतो. म्हणून तो सर्व्हिसिंगच्या नोंदी, पेडलांची झीज आणि आसनांची अवस्था यांच्याशी ताडून पाहतात. टायरवरील चार अंकी संकेतात निर्मितीचा आठवडा व वर्ष दिलेले असते. उदाहरणार्थ, '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नियमानुसार टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते.

पुरात बुडालेली गाडी बाहेरून स्वच्छ केली तरी तिच्या तारा व विद्युत उपकरणे पुढे त्रास देतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबई परिसरातील अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. आसनपट्टा पूर्ण ओढून पाहिल्यास टोकाशी चिखलाचा डाग दिसणे, गालिच्याखाली गंज असणे किंवा कुबट वास येणे या अशा गाडीच्या खुणा होत. चाचणीसाठी गाडी सपाट रस्त्याऐवजी चढावर चालवून पाहिल्यास क्लच घसरणे आणि इंजिन तापणे हे दोष लवकर लक्षात येतात.

नोंदणी व हस्तांतरण

पालघर जिल्ह्यातील गाड्यांवर प्रामुख्याने एमएच-४८ ही वसई कार्यालयाची, तर त्याआधीच्या गाड्यांवर एमएच-०४ ही ठाण्याची संकेतसंख्या आढळते. नाशिकची संकेतसंख्या एमएच-१५ आहे. गाडी अन्य कार्यालयाच्या क्षेत्रातून आणल्यास मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते. दादरा व नगर हवेली आणि गुजरात हे प्रदेश जवळ असल्याने तेथील गाडी स्वस्त वाटू शकते. तथापि परराज्यातील गाडी १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची असल्यास तिला महाराष्ट्राचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो व येथील कर भरावा लागतो. खरेदीच्या किमतीत हा खर्च धरणे आवश्यक ठरते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार, एकाच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरणाची माहिती द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरले जातात. गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्यावर नमुना ३५ भरून बँकेचा बोजा उतरवावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते आणि राज्याचा पर्यावरण करही भरावा लागतो.

केवळ मुद्रांकित कागदावर सही करून किल्ली देणे हे हस्तांतरण नव्हे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालात, गाडी हातोहात अनेकांना विकली गेली असूनही नोंदणी मूळ मालकाच्याच नावे राहिल्याने अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर ठेवली. नावात बदल होणे हे म्हणूनच खरेदीदाराइतकेच विक्रेत्याच्याही हिताचे असते.

देखभाल

पावसाळ्यापूर्वी वायपरची रबरे, दिवे, बॅटरी, ब्रेक व टायर तपासणे आणि गाडीच्या तळाला गंजरोधक लेप देणे उपयुक्त असते. पावसाळा संपल्यावर तळाशी साचलेला लाल चिखल धुऊन काढावा लागतो; तो तसाच राहिल्यास ओल धरतो व पत्रा गंजतो. ब्रेकचे तेल हवेतील बाष्प शोषून घेते. असे तेल लांब उतारावर तापले की त्यात वाफ तयार होऊन ब्रेक लागेनासा होऊ शकतो; म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये न सोडता खालच्या गिअरमध्ये ठेवल्यास वेग इंजिनच्या आधाराने आवरला जातो.

विमा

कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्ष विमा अनिवार्य आहे. तो नसताना गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी सर्वसमावेशक विमा घ्यावा लागतो. गाडी विकली गेली की त्रयस्थ पक्षाचे संरक्षण कलम १५७ नुसार नव्या मालकाकडे आपोआप जाते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र तसे जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. त्यासाठी नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत ही गाडीची नसून विमाधारकाची असते. ती खरेदीदारास मिळत नाही.

दाव्याच्या वेळी बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा वजा होतो. रबर, प्लॅस्टिक व बॅटरी यांवर तो ५० टक्के असतो. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीसाठी ४० टक्के, तर त्याहून जुन्या गाडीसाठी ५० टक्के असतो. समजा, सात वर्षांच्या गाडीचा ४,००० रुपयांचा प्लॅस्टिकचा बंपर व ६,००० रुपयांचा धातूचा दरवाजा बदलला आणि मजुरी ३,००० रुपये झाली. रंगकाम व कर वगळता एकूण खर्च १३,००० रुपये होतो. घसारा वजा जाता ८,६०० रुपये उरतात आणि त्यातून १,००० रुपयांची अनिवार्य वजावट केल्यावर विम्यातून ७,६०० रुपये मिळतात. उर्वरित ५,४०० रुपये मालकास भरावे लागतात. घसारा माफ करणारे पूरक संरक्षण अनेक कंपन्या फार जुन्या गाडीस देत नाहीत.

साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केल्यास इंजिनात पाणी शिरून मोठा बिघाड होतो. हे नुकसान 'परिणामी हानी' मानून दावा नाकारला जाऊ शकतो. इंजिन संरक्षण हे पूरक कलम घेतले नसल्यास अशी गाडी चालू न करता ओढून नेणे श्रेयस्कर ठरते. खासगी विम्याची गाडी भाड्याने प्रवासी नेण्यास वापरल्यास विम्याच्या अटींचा भंग होतो आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

यांत्रिक बिघाडासाठीची तरतूद

बिघाडाच्या दुरुस्तीची हमी 'वॉरंटी' या स्वरूपात मिळते. ती उत्पादक कंपन्यांच्या जुन्या गाड्यांच्या दालनांतून निवडक गाड्यांवर व मर्यादित काळासाठी दिली जाते. क्लच, ब्रेक पॅड व टायर यांसारखे झिजणारे भाग सहसा तीतून वगळलेले असतात. हमी नसलेल्या गाडीसाठी खरेदीच्या वेळीच काही रक्कम दुरुस्तीकरिता बाजूला ठेवणे हा पर्याय उरतो. सर्व पैसा किमतीतच खर्च झाल्यास पहिल्याच मोठ्या बिघाडात गाडी दारात उभी राहण्याची शक्यता असते.