रस्ता नव्हता तेव्हाची जीप, रस्ता सोडणारी थार

जुनी जीप भारी की नवी थार? हर्सूल टी पॉइंटवरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हा वाद सहज पेटतो. जुन्याच्या बाजूचे म्हणतात, ‘ते खरं लोखंड होतं.’ नव्याच्या बाजूचे मोबाइल काढून रील दाखवतात. दोघंही गाडीकडे बघतात, रस्त्याकडे कुणी बघत नाही. पण फोर बाय फोरची गोष्ट ही मुळात रस्त्याची, खरं तर नसलेल्या रस्त्याची गोष्ट आहे.

जीप जन्मली ती दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकन सैन्याला चिखलातून, वाळूतून, कुठूनही जाणारी हलकी गाडी हवी होती. विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. वजन सुमारे ११०० किलो, इंजिन ६० अश्वशक्तीचं. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे: एक पुढच्या चाकांना ताकद जोडायला, दुसरा ‘लो’ गिअरसाठी, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवायला.

युद्ध संपता संपता, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, कैलाशचंद्र आणि जगदीशचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. सुट्या भागांतून विलीसच्या जीप जोडायचं काम मुंबईत, माझगावात सुरू झालं.

तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यातून नुकताच बाहेर पडला होता. पक्क्या सडका मोजक्याच, आणि त्या सोडल्या की गाडीवाट. तीही काळ्या मातीतली. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चाकाला लोण्यासारखी चिकटते. टायरच्या खाचा एकदा चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच. अशा गावात मोटार पोचायची ती बहुधा जीपच, आणि जीप आली म्हणजे सरकार आलं. तहसीलदार, बीडीओ, देवीची लस टोचणारे, निवडणुकीचे पुढारी यांच्यामागे धुळीतून पोरं धावायची. हौस हा शब्द त्या गाडीच्या आसपासही नव्हता.

मग रस्ते आले, आणि ते आणले कुणी? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या हजारो बाया-माणसांनी उन्हात खडी फोडली, माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्यातून तलाव झाले, तसे रस्तेही झाले. पुढे रोजगार हमी आली, २००० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना आली. डांबर गावापर्यंत पोचलं तशी चारही चाकांना ताकद देण्याची गरज आटली. काळी-पिवळी होऊन माणसं वाहू लागलेल्या कमांडरसारख्या जीपांना बहुतेक मागच्याच चाकांची ताकद होती. टपावर, पायरीवर लटकून माणसं तालुक्याला जाऊ लागली. रूप जीपचं, काम एसटीचं.

म्हणजे गरज संपली, आणि हौस तिथून सुरू झाली. २०१० मध्ये पहिली थार आली. मागे जुनेच कमानपाटे, पण इंजिन १०५ अश्वशक्तीचं. २ ऑक्टोबर २०२० रोजी, कंपनीच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, नवी थार बाजारात आली. पेट्रोल इंजिन १५० अश्वशक्तीचं, चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, एअरबॅग आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे.

आता तुलना करूच. विलीस जीपचं पोट जमिनीपासून सुमारे २२२ मिलिमीटर वर होतं, नव्या थारचं २२६ आहे. ऐंशी वर्षांत फरक चार मिलिमीटरचा! खरा फरक आहे तो चाक हवेत गेल्यावर. साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद सोप्या वाटेने पळते, म्हणजे हवेत फिरणाऱ्या चाकाकडे. टेकलेलं चाक उपाशी राहतं आणि जुनी जीप तिथेच गुरगुरत उभी राहते. नवी थार त्या रिकाम्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावते, की ताकद दुसऱ्याकडे जाते. जुन्या गाडीत हे कौशल्य ड्रायव्हरच्या पायात होतं, आता ते गाडीत आहे.

उलट जुनी जीप हलकी, आणि बिघडली तर गावातला मिस्त्री पान्यावर उघडायचा. नवी बिघडली तर आधी लॅपटॉप जोडावा लागतो. पण उलटली तर? कापडी टपाच्या, पट्टे नसलेल्या जीपमध्ये माणूस सरळ बाहेर फेकला जायचा. जुन्या लोखंडाचं कौतुक करताना हे विसरू नये.

तिसरा प्रकार तर आपल्याच जिल्ह्यात जोडला गेला. शेंद्र्याच्या कारखान्यातून स्कोडाची यती फोर बाय फोर रूपात निघाली. तिला दांडाच नाही. पुढची चाकं घसरली की एक क्लच मागच्या चाकांना ताकद देतो. ओल्या घाटात उत्तम, पण ‘लो’ गिअर नसल्यामुळे खडकाळ चढावर तिचा श्वास अडकतो.

आणि २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही आली, आणि खपली. काळी-पिवळीसारखंच पुन्हा: रूप जीपचं, वाट डांबराची.

चारही चाकांची ताकद खरोखर लागते असा एक माणूस मात्र अजून आहे. पावसाळ्यात शेतरस्ता चिखलात गेला की शेतकऱ्याचा कापूस आणि मका बांधावर अडकतो. त्याच्याकडे थार नाही, फार तर ट्रॅक्टर आहे. आणि रविवारी रस्ता सोडायची हौस आपण जिथे भागवतो, त्या वाटा त्याच्याच असतात. जटवाड्याकडच्या डोंगरांतून येणारं पाणी हर्सूल तलावात उतरतं आणि जुन्या शहराच्या नळाला जातं. ओल्या उतारावर खोल चाकोऱ्या पडल्या की पुढच्या पावसात पाणी त्यांतूनच धावतं आणि माती तलावात नेऊन टाकतं. मोडलेला बांध तर शेतकऱ्यालाच पुन्हा घालावा लागतो.

तेव्हा गाडी जुनी असो की नवी, वाट आधी कोरडी होऊ द्या, बांधाच्या मालकाला विचारा आणि पडलेल्या चाकोरीतूनच चला. जिथे रस्ता नव्हता तिथे जीप गेली, तेव्हा गावाला डॉक्टर मिळाला, लस मिळाली. आपली गाडी जाऊन आल्यावर त्या जागेला काय मिळालं, हे मागच्या आरशात दिसतंच.