सेटॉकेटचा सरायवाला

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या आळीतील मुले अंगणात मातीचा किल्ला उभारतात. माथ्यावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी बाजार. एकदा मी सहज विचारले, "अरे, यात बहिर्जी नाईक कुठे आहेत?" मुले गोंधळली. मग एक चुणचुणीत पोरगा म्हणाला, "गुरुजी, ते हेर ना? मग ते दिसतील कसे?"

पोराने बिनतोड उत्तर दिले! तशाच एका न दिसणाऱ्या माणसाची गोष्ट आज सांगावीशी वाटते. तो आपल्या देशाचा नव्हे आणि कोणी मोठा योद्धाही नव्हे. त्याचे नाव ऑस्टिन रो. अमेरिकेत लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. तेथील सेटॉकेट गावी तो एक टॅव्हर्न चालवीत असे.

टॅव्हर्न या शब्दाला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द नाही. धर्मशाळा म्हणावी तर तेथे पैसे मोजावे लागत, आणि गुत्ता म्हणावा तर ती अब्रूदारांच्या बैठकीची जागा. वाटसरूला जेवण, घोड्याला दाणा, रात्री बिछाना आणि शेकोटीपाशी पेला, असा तो प्रकार. आपण सराय म्हणू. जगभरच्या बातम्या सरायवाल्याच्या कानी आपोआप येतात, आणि तो सामान आणायला शहरी गेला तर कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

सप्टेंबर १७७६ मध्ये इंग्रजांनी न्यूयॉर्क घेतले. शहरात काय चालले आहे, हे जॉर्ज वॉशिंग्टनला कळेना. नेथन हेल हा अवघा एकवीस वर्षांचा तरुण वेष पालटून माहिती काढायला गेला, सापडला आणि २२ सप्टेंबरला फासावर चढला. तो माझ्याच पेशातला, शाळामास्तर होता. त्याच्याजवळ ना सांकेतिक भाषा होती, ना सोबती. नुसत्या धैर्याने हेरगिरी होत नाही, हा धडा त्या फासाने शिकविला.

पुढे १७७८ मध्ये बेंजामिन टॉलमॅज या घोडदळातील अधिकाऱ्याने नवी साखळी जुळविली. तो स्वतः सेटॉकेटचा, म्हणून त्याने बालपणापासूनची ओळखीची माणसे निवडली. अब्राहम वुडहल हा शेतकरी 'सॅम्युएल कल्पर' झाला. न्यूयॉर्कमधील व्यापारी रॉबर्ट टाउनसेंड झाला 'धाकटा कल्पर'. केलेब ब्रूस्टर रात्री होडीतून खाडी ओलांडी. आणि शहर व गाव यांमधील दुवा होता आमचा सरायवाला. टॉलमॅजने १७७९ मध्ये शब्दांना आकडे देऊन संकेतकोश रचला. त्यात वॉशिंग्टन ७११, न्यूयॉर्क ७२७ आणि ऑस्टिन रो ७२४!

सेटॉकेटहून न्यूयॉर्क सुमारे ५५ मैल. सरायीसाठी जिन्नस हवेत, असे सांगून रो घोड्यावर निघे. वाटेत इंग्रजांच्या चौक्या. तेथे परवाना दाखवायचा, झडती द्यायची आणि चेहऱ्यावरची रेषा हलू द्यायची नाही. टाउनसेंडच्या दुकानी माल घेताना कागदही मिळे. त्यावर दिसे साधा व्यापारी मजकूर, किंवा काहीच नाही. खरा मजकूर असे अदृश्य शाईत, आणि दुसरे रसायन लावल्याखेरीज तो उमटत नसे. परत आल्यावर वुडहलच्या कुरणात पुरलेल्या पेटीत रो ते पत्र ठेवी, असे सांगतात. मग खाडी, मग पलीकडचे घोडेस्वार. या वळशापायी बातमी शिळी होते म्हणून वॉशिंग्टन कुरकुर करी. पण मान पणाला लावणाऱ्यांना जवळची वाट कोठली?

जुलै १७८० मध्ये या साखळीची खरी कसोटी लागली. रोशांबोच्या हाताखाली फ्रेंच फौज न्यूपोर्टला नुकतीच उतरली होती. ती स्थिर होण्यापूर्वीच तिच्यावर झडप घालायचा बेत इंग्रज सेनापती क्लिंटनने केला. ही खबर घेऊन रो दौडत आला. वुडहल आजारी होता, तरी त्याने पत्र तातडीने ब्रूस्टरकडे धाडले. २१ जुलैला ते छावणीत पोहोचले. वॉशिंग्टन तेथे नव्हता. तरुण हॅमिल्टनने ते पाहून फ्रेंचांना सावध करण्यासाठी लगोलग लाफायेतकडे खबर रवाना केली. वॉशिंग्टनने सैन्य न्यूयॉर्कच्या रोखाने हलविले आणि निघालेला क्लिंटन वाटेतून परतला. सारे श्रेय एका पत्राला देणे बरे नव्हे, कारण इंग्रज सेनापती आणि आरमारप्रमुख यांचेही आपसात पटत नव्हते. परंतु पुढच्याच वर्षी, १९ ऑक्टोबर १७८१ रोजी, याच फ्रेंचांच्या साह्याने यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आला, हे विसरता येत नाही.

हा कॉर्नवॉलिस आपल्या ओळखीचा! १७८६ मध्ये तो गव्हर्नर-जनरल म्हणून हिंदुस्थानात आला, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडके त्याच्या जोडीला होते. आणि टॉलमॅजचा संकेतकोश तयार झाला त्याच १७७९ साली वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले होते. तिकडे सरायवाला, इकडे नाना फडणिसांचे बातमीदार. दोन्हीकडे इंग्रजांना घोर लावणारी माणसे निनावीच!

युद्ध संपले. एप्रिल १७९० मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन लाँग आयलंडच्या दौऱ्यावर असता रोच्या सरायीत उतरला. रोजनिशीत त्याने एवढेच नोंदले की घर बऱ्यापैकी आहे आणि माणसे अगत्यशील आहेत. हेरगिरीचा उल्लेख नाही. टाउनसेंडने तर आपले नाव कोणास कळू नये अशी अटच घातली होती. तो १८३८ मध्ये वारला आणि 'धाकटा कल्पर' कोण, हे हस्ताक्षर ताडून उलगडायला १९३० साल उजाडले.

फाशी चुकली, म्हणून कीर्तीही चुकली. ज्याने आपले काम चोख केले, त्याचा पुतळा व्हायचा कसा? हेलच्या मरणाला साक्षीदार होते. रोच्या प्रत्येक फेरीला मात्र साक्षी तेवढा त्याचा घोडा.

यंदा मुलांचा किल्ला बघायला गेलो. पायथ्याच्या बाजारात एक मातीचा दुकानदार पाठमोरा ठेवलेला दिसला. "हा पाठमोरा का रे?" मी विचारले. तोच पोरगा हसून माझ्या कानाशी लागला, "गुरुजी, हळू बोला. तोच तो!"