वेळासचे दप्तर

वेळासला मी पहिल्यांदा गेलो तो कासवांसाठी नव्हे, नाना फडणवीसांसाठी. नानांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्याचा. त्यांनी वाडा आणि घाट बांधला तो वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या काठी. भानू घराण्याचे मूळ गाव मात्र रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले वेळास. मेणवलीच्या कागदांत माझी बरीच वर्षे गेली होती. ते मूळ गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढाच हेतू होता. या दोन गावांना जोडणारे पाणीही आमच्याच डोंगरातले. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा आणि सावित्री शेजारी शेजारी उगम पावतात, असे आपण मानतो. कृष्णा मेणवली, कऱ्हाड, सांगली करत पूर्वेला जाते. सावित्री पश्चिमेला कोसळते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या खाडीच्या मुखापासून वेळास जवळच आहे.

गावातली देवळे पाहून झाल्यावर मी पुळणीकडे गेलो. वाळूत जाळीचे एक कुंपण होते. आत ओळीने लहान लहान पाट्या रोवलेल्या. त्यांवर अंडी मिळाल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या. फडणवीस म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे कागद सांभाळणारा अधिकारी. त्या पाट्या वाचताना वाटले, नानांच्या गावात जमाखर्च अजून चालू आहे.

हा जमाखर्च सुरू कसा झाला, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीच्या अभ्यासाला संस्थेचा आधार मिळाला तो १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाल्यावर. स्वातंत्र्यानंतर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले, रत्नागिरीत सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र निघाले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढे सागरी कासवांना त्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. परंतु अनुसूची राहिली पुस्तकात, आणि कासवीण येते ती रात्री, निर्जन पुळणीवर. दीडएक फूट खड्डा करून ती शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. मागे राहतो तो तिच्या जाण्यायेण्याचा माग. त्या मागावरून कोल्हा येतो, कुत्रा येतो आणि माणूसही येतो.

१९९२ मध्ये चिपळूणला भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था काढली. तिच्यापाशी ना प्रयोगशाळा होती, ना जहाज. तिची माणसे पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी शोधत किनाऱ्यावर हिंडत होती. त्या कामात वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. कासवे येथे येतात आणि त्यांची अंडी पळवली जातात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी उघड झाल्या. २००२ मध्ये वेळासला संरक्षणाचे काम सुरू झाले.

या कामाची रीत साधी होती. रात्रीची पुळण ज्यांना पाठ होती अशा गावकऱ्यांनाच राखणदार केले. पहाटे माग काढायचा, अंडी हलक्या हाताने उचलायची आणि कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरायची. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वर आली की ती मोजून समुद्राकडे सोडायची. या प्रत्येक पायरीला नोंद आहे, आणि माझ्या मते या कामाचे खरे बळ त्या नोंदीतच होते. शिकारी अंडी नेतो तेव्हा कुठेही लिहीत नाही. राखणदार लिहितो, म्हणून त्याला हिशेब द्यावा लागतो, आणि हिशेब दिला की गावाचा विश्वास बसतो. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, चार पैसे घराघरांत पोहोचले. शेजारच्या गावांनीही हा कित्ता गिरवला.

पुढे शासन आले. २०१२ मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष झाला, २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान. २०२२ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेबरोबर प्रतिष्ठानने पाच कासविणींच्या पाठीवर उपग्रह यंत्रे बसवली. त्यांतली पहिली वेळासची, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र उपग्रहाची नव्हे, एका धातूच्या पट्टीची गोष्ट. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका कासविणीला ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावली गेली. जानेवारी २०२५ मध्ये तीच कासवीण गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी, हा समज त्या पाच आकड्यांनी हलवला. तिकडे कोणी क्रमांक लिहून ठेवला नसता, किंवा इकडे कोणी तो वाचला नसता, तर ती नुसती एक कासवीण ठरली असती.

कासवाला वयात यायला दहाहून अधिक वर्षे लागतात. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी हे ठरते. वाळू तापली की माद्या वाढतात. एका हंगामाच्या आकड्यांवरून यातले काहीच कळत नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या रोजच्या नोंदी लागतात: कोणत्या तारखेला, पुळणीच्या कोणत्या भागात, किती अंडी, किती दिवसांनी किती पिल्ले. अहवालांत बेरजा येतात. बेरजेमागचे दिवस वह्यांत असतात.

अशी एक वही मला किनाऱ्यावरच्या एका घरात पाहायला मिळाली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्या घराचे छप्पर उडाले होते. वहीची निम्मी पाने एकमेकांना चिकटली होती, निळी शाई पसरली होती. घरमालक म्हणाले, “माणसं वाचली, वहीचं काय घेऊन बसलात!” त्यांचे बरोबर होते. पण भिजलेल्या कागदाची भाषा मला ठाऊक आहे. एक पान गेले की एक दिवस जातो, आणि तो परत लिहिता येत नाही.

आमच्या सातारा-सांगलीकडे कागद वाचवण्याची परंपरा आहे. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी नानांचे चरित्र लिहिले आणि पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून छापायला घेतला. साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी मेणवलीचे दप्तर मिळवले आणि १९२५ मध्ये संग्रहालय उभे केले. १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. हे दोघे वेळेवर पोहोचले म्हणून नाना आज आपल्याला कळतात.

कासवांच्या वह्यांना अजून खरेशास्त्री भेटायचे आहेत. हे काम मोठ्या खर्चाचे नाही. गावोगावच्या वह्या मागाव्यात, पानांची छायाचित्रे घ्यावीत, मूळ वही ज्याची त्याला परत द्यावी आणि प्रती कोणालाही पाहता येतील अशा ठिकाणी ठेवाव्यात. लिहिणाऱ्याचे नाव त्या प्रतीवर असावे. दप्तरात कारकुनाचे नाव सहसा हरवते. इथे ते हरवू देण्याचे कारण नाही, कारण हे कारकून अजून हयात आहेत आणि पहाटे पुळणीवर भेटतात.

यंदा हंगाम सुरू झाला की मी पुन्हा वेळासला जाणार आहे. या खेपेस नानांसाठी नाही.