वेणी शिकवायला परवाना: अमेरिकेतील एका लढ्याचा धागा

आजचा धागा वेणीविषयी आहे आणि त्याची सुरुवात अटकेने होते.

१९९७ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलस शहरात, साध्या वेशातील सात पोलीस एका दुकानात शिरले आणि मालकीण आयसिस ब्रँटली यांना ताब्यात घेऊन गेले. आरोप काय, तर परवान्याविना लोकांच्या वेण्या घातल्या. कात्री नाही, वस्तरा नाही, रंग वा रसायन नाही. एक कंगवा आणि दहा बोटे, एवढेच त्यांचे साहित्य.

परवाना हवा तर केशभूषेच्या शाळेत १,५०० तास शिकावे लागे. केस कापणे, रंगवणे, रसायनाने कुरळे वा सरळ करणे हे सारे त्यात होते. ज्या प्रकारच्या वेणीसाठी अटक झाली, तिला मात्र त्या अभ्यासक्रमात जवळजवळ स्थान नव्हते.

आधी ही वेणी कशी असते ते पाहू. आपल्याकडे शाळेत जाताना घालतात ती तीन पेडांची वेणी सर्वांना ठाऊक आहे: कडेचा पेड मधल्यावर, मग दुसऱ्या कडेचा मधल्यावर. आफ्रिकी परंपरेतील 'कॉर्नरो' वेणीही तीन पेडांचीच, पण ती पाठीवर लोंबत नाही. टाळूला चिकटून पुढे सरकते. कंगव्याच्या टोकाने भांग पाडून केसांची अरुंद पट्टी वेगळी करायची, तिच्या आरंभी थोडे केस घेऊन तीन पेड करायचे आणि प्रत्येक वळणावर पट्टीतील थोडे नवे केस त्यात मिळवत जायचे. फ्रेंच वेणीत कडेचा पेड मधल्याच्या वरून जातो, येथे खालून. म्हणूनच ही वेणी टाळूवर उठून दिसते आणि डोके मक्याच्या शेतातील ओळींसारखे भासते. नावही त्यावरूनच पडले.

नवशिक्या हाताची परीक्षा दोन ठिकाणी होते: भांग सरळ येणे आणि ताण सर्वत्र सारखा राहणे. पैकी ताण हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. केस सतत ओढले गेले तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात आणि पुढे मुळेच नष्ट होऊ शकतात. वैद्यकात या विकाराची नोंद १९०७ पासून आहे; ती झाली ग्रीनलंडमधील घट्ट केस बांधणाऱ्या स्त्रियांवरून. तेव्हा 'वेणीत शिकण्यासारखे आहे काय?' असे कोणी विचारले तर उत्तर आहे: पुष्कळ. प्रश्न इतकाच, की ते शिकवण्याचा अधिकार कोणाला?

शतकानुशतके हा अधिकार घरातल्या बायकांकडे होता. पश्चिम आफ्रिकेत अनेक समाजांत वेणीवरून वय, वैवाहिक स्थिती वा कुळ ओळखता येई. गुलामगिरीने माणसांबरोबर ही विद्याही अटलांटिकपार नेली, पण तिची साधने मागेच राहिली. अमेरिकेतील मळ्यांवर लोकर पिंजण्याच्या फणीने केस विंचरले जात आणि आठवडाभर दोऱ्याने गुंडाळून ठेवलेले केस रविवारी मोकळे होत.

(वेण्यांच्या नक्षीत पलायनाचे नकाशे दडवल्याची कथा तुम्ही वाचली असेल. कोलंबियातील पालेंके येथील ती मौखिक परंपरा आहे आणि तिला तेवढेच मोल द्यावे. केसांत भाताचे दाणे लपवून नेल्याची आठवण सुरीनाममधील मरून समाजातही जपलेली आहे. तीही तशीच.)

सत्तेला या केसांची दखल घ्यावीच लागली. १७८६ साली स्पॅनिश अंमलाखालील लुइझियानात गव्हर्नर मिरो यांनी फर्मान काढले, की स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस वस्त्राने झाकावेत. त्या स्त्रियांनी झाकलेही, पण इतक्या देखण्या रीतीने, की ते बांधणेच शोभेचे लेणे झाले.

येथून पुढचा भाग मला सर्वांत उद्बोधक वाटतो. विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णवर्णीय स्त्रियांनी केशभूषेचा स्वतःचा उद्योग उभारला. ॲनी मलोन यांनी सेंट लुईसमध्ये व्यवसाय थाटला आणि १९१८ साली तेथेच 'पोरो कॉलेज' ही भव्य वास्तू बांधली. त्यांची माल विकणारी एक प्रतिनिधी पुढे मॅडम सी. जे. वॉकर म्हणून जगप्रसिद्ध झाली. कपडे धुऊन पोट भरणाऱ्या या स्त्रीने १९०८ साली पिट्सबर्गमध्ये आपल्या मुलीच्या नावाने 'लेलिया कॉलेज' काढले. धुणीभांडी सोडून स्वतःच्या कमाईवर जगण्याची वाट या शाळांनी असंख्य बायकांना दाखवली.

मात्र त्या शाळांचा भर टाळूची निगा, केसांची वाढ आणि तापवलेल्या कंगव्याने केस सरळ करणे यांवर होता. वेणी ही लहान मुलींची, खेड्यातली, मागे सोडून यायची गोष्ट मानली जाई. त्या काळी नोकरी आणि प्रतिष्ठा कोणत्या केसांना मिळे हे लक्षात घेतले, तर त्या स्त्रियांना दोष देता येत नाही. पण परिणाम दूरगामी झाला. पुढे राज्याराज्यांत परवाना मंडळे स्थापन झाली आणि 'केशभूषा म्हणजे काय' हे लेखी ठरले, तेव्हा वेणीच्या बाजूने बोलणारे तेथे कोणी नव्हते.

१९६० आणि ७० च्या दशकांत कृष्णवर्णीय अस्मितेच्या चळवळीबरोबर वेणी प्रौढ स्त्रियांच्या डोक्यावर परतली, तरी नोकरीच्या ठिकाणी तिला मान मिळेना. अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचारी रेने रॉजर्स यांना कॉर्नरोस मनाई झाली. १९८१ साली न्यायालयाने कंपनीचीच बाजू घेतली आणि ही वेणी एका गोऱ्या अभिनेत्रीमुळे लोकप्रिय झाल्याचा कंपनीचा मुद्दाही निकालात नोंदवला. संदर्भ बो डेरेकच्या १९७९ मधील चित्रपटाचा होता. हजारो वर्षांची परंपरा दोन वर्षांपूर्वीची ठरली!

त्याच सुमारास सेनेगल आणि शेजारच्या देशांतून आलेल्या स्त्रियांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये दुकाने मांडली. विद्या त्यांच्या हातात होती, ती आई-आजीपाशी बसून मिळवलेली होती. तिचे प्रमाणपत्र मात्र कोणाकडेही नव्हते.

पहिला मोठा खटला वॉशिंग्टन शहरात १९९१ साली उभा राहिला. तालिब-दीन उक्दा आणि पामेला फेरेल हे दांपत्य 'कॉर्नरोज अँड कंपनी' चालवत होते आणि इतरांना ही कला शिकवून रोजगार देत होते. न्यायालयात ते हरले, पण खटल्याचा एवढा बोभाटा झाला की शहरानेच नियम बदलले. २०१२ साली यूटा राज्यात सिएरा लिओनहून आलेल्या जेस्टिना क्लेटन यांनी २,००० तासांच्या अटीविरुद्ध दावा जिंकला. या तासांतील बहुतेकांचा वेणीशी संबंध नाही, हे न्यायाधीशांनी मान्य केले.

आता पुन्हा ब्रँटली यांच्याकडे. २००७ साली टेक्सासने वेणीसाठी अवघे ३५ तासांचे प्रमाणपत्र आणले आणि त्यांना ते दिलेही. त्यांना हवे होते ते निराळेच: नवशिक्यांना शिकवून त्या प्रमाणपत्रापर्यंत नेणे. पण ३५ तासांचा हा अभ्यासक्रम शिकवायचा तर न्हावीकामाच्या पूर्ण शाळेच्या अटी पाळाव्या लागत. २,००० चौरस फूट जागा, मागे कलणाऱ्या दहा खुर्च्या, दर दोन खुर्च्यांमागे एक बेसिन. वेणीच्या दुकानाला कायद्याने बेसिनची सक्ती नव्हती. वेणीच्या शाळेला होती!

जानेवारी २०१५ मध्ये न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी या अटी तर्कहीन ठरवल्या. केवळ वेणी शिकवणारी आणि या अटी पूर्ण करणारी एकही शाळा शासनाला दाखवता आली नव्हती. त्याच वर्षी विधिमंडळाने परवान्याची अटच काढून टाकली. अटकेपासून तोवर अठरा वर्षे लोटली होती.

ॲनी मलोन यांच्या सेंट लुईसमध्येही वेणी घालणाऱ्या दोन स्त्रियांनी १,५०० तासांच्या अटीविरुद्ध दावा लावला होता. जानेवारी २०१८ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. काही महिन्यांतच मिसूरी राज्याने कायदा बदलला. आता तेथे वेणी घालणाऱ्या स्त्रीने स्वच्छता आणि टाळूचे विकार यांवरची काही तासांची चित्रफीत पाहायची, नोंदणी करायची आणि कामाला लागायचे.