आवाजावरून ओळखा दुचाकीचे दुखणे

बीड - बालाघाटच्या डोंगररांगांतील वाडी-वस्त्या असोत वा गोदाकाठची काळ्या मातीची गावे, जिल्ह्यातील अनेक कुटुंबांची भिस्त दुचाकीवरच असते. बाजार, दवाखाना, शाळा आणि हंगामात ऊसतोडीच्या फडापर्यंतचा प्रवासही तिच्यावरच होतो. अशा गाडीतून अनोळखी आवाज येऊ लागला की, एकतर त्याकडे काणाडोळा केला जातो, नाहीतर थेट इंजिन खोलले जाते. पहिल्यात जिवाला धोका आणि दुसऱ्यात खिशाला चाट. हे दोन्ही टाळायचे, तर आवाजाचा माग क्रमाने काढायला हवा.

पहिली परीक्षा
आवाज इंजिनचा की चाकाचा, हे आधी ठरवावे. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस करावी. आवाज तेव्हाही येत असेल, तर दोष इंजिनात, सायलेन्सरमध्ये किंवा कंपनाने सैल झालेल्या भागात असतो. येत नसेल, तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर बेताच्या वेगात क्लच दाबून गाडी घरंगळू द्यावी. आवाज कायम राहून वेगाबरोबर कमी होत गेला, तर चाक, ब्रेक किंवा बेअरिंग तपासावे. मांजरसुंबा वा धारूरच्या घाटात उतारावर हा प्रयोग करू नये.

इंजिनचे आवाज
वरच्या भागातून येणारी एकसारखी 'टिकटिक' बहुधा टॅपेटची असते. त्यातील अंतर इंजिन थंड असताना तपासतात. एका बाजूने येणारी 'खरखर' टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर सैल झाल्याचे सुचविते. 'फटफट' आवाज असल्यास सायलेन्सरचा जोड व गॅसकेट पाहावे. वरच्या गिअरमध्ये चढ चढताना खणखण ऐकू आल्यास खालचा गिअर टाकावा. मात्र, आतून जड 'ठकठक' येत असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज असू शकतो. कोणत्याही परिस्थितीत ऑइलची पातळी सर्वप्रथम पाहावी.

नेमकी जागा शोधण्यासाठी जुने मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनच्या स्थिर भागावर टेकवून मूठ कानाला लावतात. फिरते भाग आणि तापलेला सायलेन्सर यांपासून मात्र दूर राहावे.

चेन आणि चाके
धुळीच्या रस्त्यांवर चेन लवकर कोरडी पडते. गाडी मधल्या स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून मागचे चाक हाताने फिरवावे. चेन एका जागी ताठ व दुसरीकडे सैल लागली किंवा स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर पूर्ण चेनसेट बदलणेच योग्य. चेन उतरून चाकात अडकल्यास चाक जाम होऊन अपघात घडू शकतो. फिरताना घरघर आणि चाक आडवे हलविल्यास खेळ जाणवला, तर बेअरिंग गेले असे समजावे. ब्रेक लावताच धातू घासल्याचा आवाज येणे म्हणजे लायनर संपल्याची खूण. खड्ड्यात वा पुढचा ब्रेक दाबताना हँडलपाशी 'ठक' झाल्यास कोनसेट तपासून घ्यावा.

साडीगार्ड काढू नका
पुष्कळदा खडखडाटाचे मूळ मडगार्ड, नंबरप्लेट, चेनकव्हर किंवा साडीगार्डच्या सैल बोल्टमध्ये असते. पावसाळ्यात मडगार्डमध्ये साचलेली काळी मातीही चाकाला घासते. संशयित भाग हाताने दाबून धरल्यावर आवाज थांबला, की दोष सापडला. आवाजाला कंटाळून अनेक जण साडीगार्डच काढून टाकतात. मात्र, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत यासाठी मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या १२३ व्या नियमाने बंधनकारक केले आहे. साडीचा पदर चाकात गुंतण्यापेक्षा एक बोल्ट आवळणे केव्हाही सोपे.

गॅरेजमध्ये गेल्यावर 'आवाज येतो' एवढेच न सांगता तो कोणत्या वेगात, कोणत्या गिअरमध्ये, थंड इंजिनात की तापल्यावर येतो, हे सांगावे. निम्मे निदान तेथेच होते.